साहसी पर्यटन शिकायचंय? मुंबईकर विद्यार्थ्यांसाठी पहिल्या तीन वर्षांचा आराखडा

बारावी झाल्यावर ‘मला डोंगरातच काम करायचंय’ असं घरी सांगितलं, की पहिला प्रश्न येतो तो पदवीचा. प्रश्न रास्त आहे. कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड, नॉर्वे इथल्या विद्यापीठांत आउटडोअर रिक्रिएशन, ॲडव्हेंचर लीडरशिप, सस्टेनेबल टुरिझम अशा नावांचे पूर्ण वेळ अभ्यासक्रम चालतात. मुंबईत या तिन्हींना एकत्र बांधणारी एकच पदवी शोधत बसलात, तर वर्ष हातचं जाईल. इथे हे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागतं. पदवी शहरातल्या कॉलेजातून घ्यायची, तांत्रिक कौशल्य हिमालयातल्या संस्थांतून शिकायचं, आणि माणसं नि जागा सांभाळायचा सराव सह्याद्रीत करायचा. कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

विषयात नेमकं काय काय येतं

दोर, कडा, पाणी, बर्फ, नकाशा, प्रथमोपचार हा झाला तांत्रिक भाग. नवख्यांना बहुतेक एवढाच दिसतो आणि सगळे पैसेही त्यावरच खर्च होतात.

दुसरा भाग नेतृत्वाचा. १९४१ साली कुर्ट हान यांनी वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केलं, ते तरुण खलाशांची समुद्रात तगून राहण्याची तयारी व्हावी म्हणून. १९६५ मध्ये पॉल पेट्झोल्ट यांनी अमेरिकेत ‘नोल्स’ ही संस्था काढली. उत्तम चढाई करणारे पुष्कळ होते, दहा नवख्यांना घेऊन जाऊन धड परत आणणारे कमी होते, आणि तीच उणीव त्यांना भरून काढायची होती. गटाचा वेग कसा ठरवायचा, कुणाला मागे ठेवायचं, कधी परत फिरायचं, घाबरलेल्याशी कसं बोलायचं, हे सगळं यात येतं.

तिसरा भाग जागेचा. एखाद्या ठिकाणी पर्यटक यायला लागले की तिथल्या वाटेचं, पाण्याचं, गावाचं काय होतं? रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, साचलेपण, आणि त्यापुढे घसरण किंवा नवी उभारी. ते वाचताना एखादं ओळखीचं थंड हवेचं ठिकाण डोळ्यांपुढे आणा, टप्पे आपोआप जुळत जातात.

आमच्या मते नोकरीच्या बाजारात पहिला भाग एकटा फार पुढे नेत नाही. कर्जत-कोलाडच्या कॅम्पांवर दोर बांधणारी मुलं भरपूर मिळतात. गटाची सुरक्षा-योजना लिहिणारी, ग्रामपंचायतीशी बोलून पार्किंग आणि कचऱ्याचा बंदोबस्त लावणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

पदवी कोणती

इथे फार अडकू नका. भूगोल, पर्यटन, पर्यावरणशास्त्र, जीवशास्त्र, शारीरिक शिक्षण यांतली कोणतीही पदवी चालते. त्यातल्या त्यात भूगोल सगळ्यांत जास्त कामी येतो, कारण नकाशावाचन, जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) आणि पर्यटन भूगोल तिन्ही त्यात सापडतं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या गरवारे इन्स्टिट्यूटमध्ये पर्यटनाचे अभ्यासक्रम आहेत. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था पर्यटनात बीबीए आणि एमबीए शिकवते. तिचं मूळ केंद्र ग्वाल्हेरला आहे, आणि गोव्यातल्या केंद्रात जलक्रीडांचं प्रशिक्षण मिळतं. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट यांनी मिळून गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केलेला आहे.

कॉलेज निवडताना एक गोष्ट आवर्जून बघा: शनिवार मोकळा मिळतो का, आणि ऑन जॉब ट्रेनिंग कॅम्पवर किंवा पर्यटन संस्थेत करू देतात का. कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. एनसीसीतर्फे निवडक कॅडेट्सना गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सला पाठवलं जातं, आणि त्या निवडीसाठी लागणारा व्यायाम तुम्हाला तसाही करायचाच आहे.

पहिलं वर्ष: दोराला हात लावण्याआधी

प्रथमोपचार सगळ्यांत आधी. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचा साधा कोर्स करून सुरुवात करा. सीपीआरमध्ये (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देण्यात) मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, ३० दाबांनंतर २ श्वास, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे. त्यानंतर डोंगरातला प्रथमोपचार, म्हणजे ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’: साधारण १६ तासांचा, दोन दिवसांत होतो. पुढचा ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ ७० ते ८० तासांचा असतो. मसुरीजवळच्या लंढौरमधल्या हनिफल सेंटरमध्ये हे कोर्स होत आले आहेत. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांनी संपते, म्हणून मोठा कोर्स पदवीच्या शेवटच्या वर्षाला ठेवा. पहिल्याच वर्षी केलात, तर नोकरी मागायच्या वेळी कागद शिळा झालेला असेल.

शहरातल्या आणि डोंगरातल्या प्रथमोपचारात फरक वेळेचा आहे. दादरला माणूस पडला तर रुग्णवाहिका येईपर्यंत सांभाळायचं. राजमाचीच्या वाटेवर पडला तर चार-सहा तास तुम्हीच त्याचे सगळं काही. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचंही नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला शक्यतो उचलून खाली आणायचं, १०८ ला फोन लावायचा, आणि जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत. सह्याद्रीत सापाइतकीच धास्ती आग्या मधमाश्यांची बाळगावी. पोळी कड्याच्या पोटात असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. अशा वेळी जमिनीवर लोळत बसायचं नाही. तोंड-मान झाकून, पाय ठेवायला जागा बघत, होईल तितक्या लवकर तिथून लांब जायचं. कड्याच्या धारेवर असाल तर आधी धारेपासून आत या.

पोहणं शिका. मुंबईत समुद्र उशाला असूनही पोहायला न येणारे खूप, आणि परदेशी अभ्यासक्रमांत कनू-कयाकसारख्या वल्हवायच्या छोट्या होड्या, नदी हे विषय हमखास येतात. दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावासारख्या ठिकाणी वर्षभराचं सदस्यत्व घ्या. न थांबता २०० मीटर आणि कपड्यांसकट दहा मिनिटं तरंगणं, एवढं पहिल्या वर्षात जमायला हवं.

नकाशा: भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरचा चढ. रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे कडा, V सारखा आकार उंचीकडे टोक करून असेल तिथे घळ किंवा ओढा, उताराकडे टोक करून असेल तिथे सोंड. पहिल्या पाच-सहा भटकंत्यांत मोबाइलवरचा ट्रॅक बंद ठेवून, अनुभवी माणूस सोबत असताना, नकाशा आणि होकायंत्रावर चाला. मुंबईच्या आसपास चुंबकीय उत्तर (होकायंत्र दाखवतं ती) आणि खरी उत्तर (नकाशावरची) यांतला फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे आपल्याकडची मुलं ही दुरुस्ती शिकतच नाहीत. न्यूझीलंडमध्ये हाच फरक २० अंशांच्या पुढे जातो. २० अंश चुकलात तर एका किलोमीटरवर साडेतीनशे मीटर बाजूला जाता.

आणि नोंदवही. हिला कुणी गांभीर्यानं घेत नाही, पण अर्जाच्या वेळी हीच बोलते. ब्रिटनमधल्या ‘माउंटन लीडर’ पात्रतेच्या प्रशिक्षणाला बसण्याआधी किमान २० आणि परीक्षेआधी किमान ४० दर्जेदार डोंगर-दिवसांची नोंद मागतात. नुसता गड चढून उतरलात म्हणून दिवस मोजला जात नाही. पाच तासांहून जास्त चाल, अपरिचित प्रदेश, वाटशोधणीत स्वतःचा वाटा, हे बघतात. म्हणून प्रत्येक दिवसाला एक पान ठेवा: तारीख, पायथ्याचं गाव, अंतर आणि चढाई, निघायची-पोचायची वेळ, हवामान, गटात किती जण, तुमची भूमिका काय (सोबती, शेवटचा माणूस, सह-लीडर, लीडर), काय ठरवलं होतं आणि काय बदलावं लागलं. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल, तर तुम्ही कुणाच्या तरी मागून चालत आहात असं समजा.

निसर्गाची ओळखही याच वर्षात करून घ्या. १८८३ साली स्थापन झालेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. तिचे पक्षिशास्त्राचे कोर्स नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करता येतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर बोरिवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या दहा झाडांची, दहा पक्ष्यांची नावं आणि सवयी अशा शिका की न वाचता पाच मिनिटं बोलता येईल. गटाला थांबवून दम खाऊ द्यायचा असतो, तेव्हा त्यांना सांगायला काहीतरी हवं.

दुसरं वर्ष: बेसिक कोर्स

डार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग म्हणजे ‘निम’ (१९६५), मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि अरुणाचलातली दिरांगची निमास या सरकारी संस्था आहेत. बेसिक कोर्स २६ ते २८ दिवसांचा. कातळचढाई, बर्फावरची चाल, हिमकुऱ्हाडीनं घसरण थांबवणं, आणि शेवटी उंची गाठणं, असा साधारण क्रम असतो. किमान वय संस्थेनुसार वेगळं असतं.

जागा लवकर भरतात. मे-जूनची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून वर्षभर आधी अर्ज करा, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची तुकडी धरा. दिवाळीच्या सुट्टीला ती जोडली की कॉलेजचं नुकसान थोडं कमी होतं. त्या तारखांत सहामाही परीक्षा आहे का, हे विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या.

‘ए’ श्रेणी मिळाली तरच पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला घेतात. ॲडव्हान्सलाही ‘ए’ असेल तर ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे शिकवण्याचा कोर्स. म्हणून तयारी न करता बेसिकला जाऊन ‘बी’ घेऊन येणं महागात पडतं. चार महिने आधीपासून: आठवड्यातून चार दिवस पळणं, ५ किलोमीटर तीस मिनिटांच्या आत येईपर्यंत. दोन दिवस सोसायटीच्या जिन्यावर सॅक घेऊन. सुरुवात ५ किलोनं करा, दर पंधरवड्याला २ किलो वाढवा, १५ च्या पुढे नेऊ नका. वीस मजली इमारत तीन वेळा चढलात की दीडशे-पावणेदोनशे मीटर होतात. उतरतानाही सॅक पाठीवर राहू द्या. गुडघे दुखायला लागतात ते उतरताना, आणि ते मुंबईतच कळलेलं बरं. बूट कोर्सच्या आधी किमान सहा आठवडे वापरून मऊ करा. नवे बूट घालून गेल्यामुळे तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि आठव्या दिवशी परत, असं दर तुकडीत कुणाचं तरी होतं.

कोर्समध्ये गुण फक्त चढाईला नसतात. वेळेवर फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभं राहणं, दोरीच्या सोबत्यांचं सामान उचलणं, भांडी घासणं, हे सगळं प्रशिक्षक बघत असतात.

मुंबईत सराव करायचा तर एखाद्या जुन्या क्लबाशी जोडून घ्या. गिरिविहार १९५४ पासून काम करतंय, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची (दोराशिवाय कमी उंचीच्या चढाईची) विश्वचषक स्पर्धा भरवण्यामागेही हाच क्लब होता. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाच्या पुढाकारानं भरणारं गिरिमित्र संमेलन नवख्यांसाठी चांगलं दार आहे. राज्यातल्या बहुतेक संस्थांची माणसं तिथे एका छताखाली भेटतात.

दोर: एक गोष्ट नीट

दोरावर सगळं लिहायचं तर वेगळा लेख होईल. त्यातली एक गोष्ट इथे जवळून पाहू, कारण नव्या कॅम्पांवर तीच वारंवार चुकलेली दिसते: अँकरचा, म्हणजे दोर कातळाला जिथे अडकवतात त्या आधाराचा, कोन.

कातळात ठोकलेल्या दोन बोल्टना स्लिंग (मजबूत पट्टा) लावून खाली एका मास्टर पॉइंटला (जिथे दोर अडकवायचा त्या बिंदूला) आणलं की भार दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, अशी समजूत असते. स्लिंगच्या दोन फांद्या जवळजवळ समांतर असतील तरच तसं होतं. फांद्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बोल्टवर भाराच्या ५८ टक्के येतात. ९० अंशाला ७१ टक्के. १२० अंशाला पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन बोल्ट लावून काहीच मिळवलं नाही. ८० किलोचा माणूस लटकला आणि कोन १५० अंशांचा असेल, तर प्रत्येक बोल्टवर सुमारे १५५ किलो येतात. एकटा बोल्ट बरा, अशी गत.

असं का होतं? बोल्ट लांब-लांब असतात आणि हाताशी असलेली स्लिंग तोकडी असते, म्हणून ती ताणून बसवली जाते. उपाय सोपा आहे. लांब स्लिंग किंवा दोराचाच तुकडा घ्या, आणि मास्टर पॉइंट खाली येऊ द्या. बोल्टमध्ये जितकं अंतर, निदान तितकीच प्रत्येक फांदीची लांबी ठेवली की कोन ६० अंशांत राहतो. मोजपट्टी लागत नाही, हातानं मापून होतं. एक बोल्ट निसटला तरी दुसऱ्यावर झटका बसू नये म्हणून मास्टर पॉइंटला गाठ मारा.

सह्याद्रीत दर पावसाळ्यात लोखंड गंजतं. आधी कुणीतरी ठोकलेला बोल्ट दिसला म्हणून त्यावर विसंबू नका. कातळाची धार बेसाल्टची, धारदार असते. दोर जिथे धारेवर घासतो तिथे जाड कॅनव्हास किंवा जुनी सॅक घाला आणि तीही बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच माणसाबरोबर खाली जाते. कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) कोरलेले आकडे वाचायची सवय लावा. लांबीच्या दिशेनं किमान २० किलोन्यूटन असतात, आडवा भार आला तर ७ च्या आसपास. स्क्रू बंद आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचंच, शिवाय दाबूनही बघायचं. दोराच्या टोकाला गाठ, आणि उतरणाऱ्याच्या डिसेंडरखाली (दोरावरून उतरायच्या साधनाखाली) ६ मिलिमीटरच्या कॉर्डची प्रुसिक, म्हणजे भार आला की दोराला आवळणारी गाठ, या दोन गोष्टी कंटाळा आला तरी सोडायच्या नाहीत.

धबधब्यातलं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, वेगळं. कोरड्या कड्यावर माणूस अडकला तर तो लटकून राहतो, तुम्हाला वेळ मिळतो. धबधब्याखाली टी-शर्ट किंवा केस डिसेंडरमध्ये अडकले तर डोक्यावर पाणी कोसळत असतं आणि हाताशी फार थोडा वेळ असतो. म्हणून तिथे दोर नुसता बांधून ठेवायचा नाही. वरून सैल सोडता येईल अशा पद्धतीनं लावायचा, आणि सोडणारा माणूस तिथून हलायचा नाही. ही सोय नसलेल्या ठिकाणी शिकाऊ म्हणूनही काम करू नका.

माणसं नेणं: वेळेचं गणित

गटाची योजना वेळेपासून सुरू होते. नेस्मिथचा १८९२ चा नियम अजून कामाचा आहे: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. समजा अंतर ५ किलोमीटर, चढाई ७०० मीटर. एक तास अधिक एक तास दहा मिनिटं, म्हणजे २ तास १० मिनिटं. हा झाला सराव असलेल्या माणसाचा वेळ. वीस नवख्यांसाठी दीडपट करा: ३ तास १५ मिनिटं. विश्रांतीचा अर्धा तास धरून पावणेचार. आपल्याकडे घसारा (सुटी माती-खडी) असल्यानं उतार फार वेगानं होत नाही, त्याला अडीच तास. माथ्यावर एक तास. एकूण सव्वासात.

डिसेंबरात मुंबईच्या आसपास सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पायथ्याला पाचपर्यंत यायचं ठरवलं, तर पावणेदहाला चढाई सुरू व्हायला हवी आणि अडीचला माथा सोडायला हवा. आता कसाऱ्याची लोकल रखडली, जीप मिळायला वेळ लागला आणि निघायला पावणेअकरा वाजले. अशा वेळी नवखा लीडर सगळंच एक तास पुढे ढकलतो, आणि गट अंधारात घसाऱ्यावर सापडतो. अडीचची वेळ हलवायची नाही. माथ्यावरचा तास गेला तर गेला. आणखी उशीर असेल तर अलीकडच्या खिंडीतून परत. परत फिरायची वेळ सकाळी लोकलमध्येच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाहीत.

पुढे एक, शेवटी एक, आणि शेवटच्याकडे प्रथमोपचाराची पिशवी. ती पुढच्याकडे देऊ नका, कारण पडणारा माणूस बहुधा मागे असतो. माणशी ३ लिटर पाणी, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरच्या उन्हात ४. टाक्यात पाणी असेल या भरवशावर हिशोब करायचा नाही.

पावसाळ्यात ओढा ओलांडण्याची वेळ आली, तर वरच्या घाटमाथ्यावर काय चाललंय ते बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर ढग फुटलेला असू शकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की लगेच मागे. पलीकडे अर्धा गट असेल तर तो पलीकडेच राहू दे. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर धार आणि माथा सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

तिसरं वर्ष: एकाच जागेचा अभ्यास

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलं ‘महाराष्ट्रातील साहसी पर्यटन: संधी आणि आव्हानं’ असा विषय घेतात आणि इंटरनेटवरून शंभर पानं जमवतात. त्यापेक्षा लोकलनं जाता येईल असा एकच गड किंवा एकच धबधबा घ्या आणि तो वर्षभर मोजा.

मोजायचं काय? शनिवार-रविवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६, दर पंधरा मिनिटांनी किती माणसं चढली आणि उतरली. वाटेवर दहा ठरलेल्या जागांची रुंदी पावसाळ्याआधी आणि नंतर. त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो, दर महिन्याला. गोळा झालेल्या कचऱ्याचं वजन, प्रकारानुसार वेगळं.

मग धारणक्षमता, म्हणजे जागेला दिवसाला किती माणसं झेपतात ते. पुस्तकात सूत्र असं असतं: उपलब्ध क्षेत्रफळ भागिले माणशी लागणारी जागा, गुणिले दिवसभरात किती फेऱ्या. माथा ८०० चौरस मीटर, माणशी ४ चौरस मीटर, गड ८ तास खुला, एकेकाचा मुक्काम २ तास, म्हणजे ४ फेऱ्या. उत्तर येतं दिवसाला ८००. कागदावर बिनचूक. पण त्या गडावर लोखंडी शिडी असेल आणि तिच्यावर एका वेळी एकच माणूस, एक मिनिट घेत असेल, तर आठ तासांत ४८० फेऱ्या. प्रत्येकाला चढायचं आणि उतरायचं, म्हणून २४० माणसं. खरी मर्यादा २४० आहे, ८०० नाही, आणि तीही कुणी शिडीवर घाबरून थांबलं नाही तर. आपल्या गडांवर अडचणीची जागा माथा क्वचितच असते. शिडी, कातळटप्पा, अरुंद दरवाजा किंवा पायथ्याचा रस्ता इथे गर्दी तुंबते. तीच जागा शोधून काढणं हे तुमच्या प्रकल्पाचं खरं काम.

पैशाचाही हिशोब मांडा. समजा चाळीस जणांची बस आली, माणशी १,२०० रुपये, म्हणजे ४८,०००. गावात जेवणाचे १५० प्रमाणे ६,०००, वाटाड्याला १,०००, पार्किंगला १००. गावात राहिले ७,१००, म्हणजे शंभरातले पंधरा. बाकीचं शहरात परत. गावकऱ्यांना विचारा, न्याहारीही गावातच दिली तर काय बदलेल? एका वाटाड्याऐवजी दोन घेतले तर?

अभ्यासाला उदाहरणं जवळच आहेत. कासला दिवसाची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वेळासला कासवांच्या निमित्तानं गावातल्या घरांत पाहुणे उतरतात आणि पैसा घराघरांत जातो. भंडारदऱ्याकडे मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्यांची रांग लागते, आणि त्याच गाड्यांच्या दिव्यांमुळे काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे पुसले जातात. इशारा नाही तर मीलन नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. तिथे पर्यटक व्यवस्थापन जाणणारी माणसं लागणार आहेत.

हद्द कुणाची, परवानगी कुणाची

कॅम्प किंवा ट्रेक आखण्याआधी सातबारा बघावा तशी जागेची मालकी बघा. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि वनखातं. संरक्षित किल्ला असेल तर केंद्राचं की राज्याचं पुरातत्त्व खातं ते पाहा. तटबंदीत बोल्ट ठोकणं गुन्हा आहे, हे गटालाही सांगा. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, ते निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. पैसे घेऊन उपक्रम करायचा तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. जमीन, हवा, पाणी तिन्ही प्रकारांना हे लागू आहे. ज्या संस्थेत इंटर्नशिप करणार, तिची नोंदणी आणि विमा दोन्ही विचारा. विचारल्यावर कुणी रागावलं, तर दुसरी संस्था बघा.

परदेशी जायचं असेल तर

कॅनडात कॅमलूप्सचं थॉम्पसन रिव्हर्स आणि थंडर बेचं लेकहेड, इंग्लंडात ॲम्बलसाइडचं कम्ब्रिया, स्कॉटलंडात फोर्ट विल्यममधलं हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाचं केंद्र, ही या विषयातली जुनी नावं. जाहिरातपत्रकावरच्या फोटोंवर जाऊ नका. ईमेल करून विचारा: चार वर्षांत प्रत्यक्ष बाहेरचे दिवस किती? एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? बाहेरची कोणती प्रमाणपत्रं फीमध्ये धरलेली आहेत? फील्ड फी वेगळी किती? सामान कोण देतं? ट्यूशन फीचा आकडा बघून कर्ज काढलेल्यांना बर्फाचे बूट, ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख), अव्हलांच किट (हिमस्खलनात लागणारं सामान) यांचा खर्च नंतर कळतो, आणि तो लहान नसतो. परतल्यावर भारतात हिमस्खलनाचं प्रमाणपत्र कुठे वापरणार, हाही विचार आधीच करा. समुद्र, नदी, नेतृत्व आणि उद्यान-व्यवस्थापन यांवर भर असलेला अभ्यासक्रम कोकण-सह्याद्रीत जास्त उपयोगी पडतो.

अर्जासोबत नोंदवहीची निवडक पंधरा पानं, प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र, बेसिक कोर्सची श्रेणी आणि तुमच्या एका जागेच्या अभ्यासाचा दोन पानी गोषवारा जोडा. शिफारसपत्रांपैकी एक प्राध्यापकांचं आणि दुसरं अशा माणसाचं घ्या, ज्यानं तुम्हाला गट परत फिरवताना पाहिलं आहे.